जन्माने आरोपी

जोवर अपराध सिद्ध होत नाही तोवर मनुष्य निरपराध मानला जावा, हे तत्त्व आज शाळकरी मुलांसही ठाऊक असते. आरोप करणाऱ्याने तो शाबीत करावा, आणि संशय उरलाच तर त्याचा लाभ आरोपीस मिळावा, अशी न्यायाची घडण आहे. परंतु तत्त्व ग्रंथात असणे आणि ते मनुष्याच्या वाट्यास येणे या दोन निराळ्या गोष्टी होत. आपल्या या देशात ८१ वर्षे असा एक कायदा अंमलात होता की, ज्याने लक्षावधी माणसांना हे गृहीत जन्मापासूनच नाकारले. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत या विषयाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, त्या माणसांविरुद्धचा पुरावा एकच होता, आणि तो म्हणजे त्यांची जात.

या विचाराचे बीज जुने आहे. १८३६ साली कंपनी सरकारने ठगांच्या बंदोबस्तासाठी एक कायदा केला. अमुक इसमाने अमुक खून केला, हे सिद्ध करण्याची गरज त्याने उरू दिली नाही. तो ठगांच्या टोळीपैकी होता एवढे ठरले, की जन्मठेप ठोठावता येई. मनुष्याने काय केले यापेक्षा तो कोणांपैकी आहे, या प्रश्नास येथे प्रथमच महत्त्व आले.

पुढे १८७१ साली ‘गुन्हेगार जमाती कायदा’ संमत झाला. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, आणि १९११ च्या सुधारणेने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरली. त्याची रीत मोठी सोपी होती. एखादी जमात पद्धतशीरपणे गंभीर गुन्हे करते, असे प्रांतिक सरकारचे मत झाले, की सरकारी जाहिरनाम्याने ती ‘गुन्हेगार’ ठरे. त्या जाहिरनाम्याच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयाने शंका घेऊ नये, असेही कलम त्यात होते. अर्थात् आरोपही सरकारचा आणि निकालही सरकारचाच. मध्ये न्यायाधीश नाही, साक्षीदार नाही, वकील नाही.

एकदा नाव नोंदले गेले की हजेरी आली. ठरलेली हद्द ओलांडावयाची तर परवान्याची चिठ्ठी लागे, आणि चिठ्ठीवाचून सापडलेल्या इसमास वॉरंटाशिवाय पकडता येई. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून दूर ठेवण्याची सोय झाली. १९११ पासून बोटांचे ठसे घेतले जाऊ लागले. १९२४ च्या एकत्रित कायद्यात तर असे कलम होते की, नोंदलेला इसम चोरीच्या बेतात होता, अशी परिस्थितीवरून न्यायालयाची खात्री पटल्यास त्यास तीन वर्षांपर्यंत कैद द्यावी. चोरी घडलेली असावयासच पाहिजे, असे नव्हे!

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. हा कायदा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. पुढल्याच वर्षी, १८७२ साली, त्यांच्याच हातून भारतीय पुरावा कायदा सिद्ध झाला, आणि तो २०२४ पर्यंत आपल्या न्यायालयांत चालला. जो एखादी गोष्ट सांगतो त्याने ती शाबीत करावी, हे त्या कायद्याचे सूत्र. एकाच काळात, एकाच मंत्र्याच्या देखरेखीखाली, एका कायद्याने पुराव्याचा भार आरोप करणाऱ्यावर ठेवला आणि दुसऱ्याने काही जातींपुरता तो भारच नाहीसा केला.

आपल्या मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग आदि ठिकाणी वसाहती निघाल्या. काटेरी तारांच्या कुंपणात कैकाडी, पारधी, भामटा इत्यादि जमातींची कुटुंबे ठेवली गेली. सोलापूरच्या वसाहतीतील स्त्रीपुरुष गिरण्यांत राबत आणि हजेरीस परत येत. तेथील लोक त्या जागेस ‘सेटलमेंट’ म्हणत. काही अधिकाऱ्यांचा व मिशनऱ्यांचा हेतू सुधारणेचा होता, मुलांसाठी शाळाही निघाल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याने अपराध केलेला नाही त्यास सुधारणेसाठी तारेच्या आत का ठेवावे, या प्रश्नास उत्तर नव्हते. याच काळात, १९३५ साली, लंडनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पत्नीच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या वूल्मिंग्टन नामक एका शेतमजुरास मुक्त केले. अपराध शाबीत करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षाचीच, या नियमास लॉर्ड सँकी यांनी इंग्रजी फौजदारी कायद्यातील सोनेरी धाग्याची उपमा दिली. तो सोनेरी धागा सोलापूरच्या काटेरी तारेपर्यंत काही पोचला नाही.

मुंबई सरकारने कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या विषयाची चौकशी करविली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई राज्यात हा कायदा रद्द झाला. अनंतशयनम् अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो साऱ्या देशातून गेला. त्या जमाती तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पुढे १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा झाला. तो जातीस नव्हे, तर व्यक्तीस लागू होणारा होता, हा भेद लहान नव्हे.

तथापि कायदा रद्द करण्यास एक दिवस पुरतो. मनातील नोंदवही पुसण्यास पिढ्या लागतात. आपली भाषाच पाहा. ‘भामटा’ हे एका जातीचे नाव, आणि तीच आपल्या तोंडची शिवी! ‘उचल्या’ या नावाचेही तेच. लक्ष्मण गायकवाड यांनी तेच नाव आपल्या आत्मकथनास दिले, आणि १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

न्यायालयेही या संशयापासून सर्वस्वी अलिप्त राहिली, असे म्हणवत नाही. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा पडून पाच माणसे मारली गेली. त्याबद्दल भटक्या जमातीतील सहा पुरुषांवर खटला झाला, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस फाशी सुनावली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने पुनर्विलोकनात सर्वांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने प्रथम छायाचित्रांवरून निराळीच माणसे ओळखली होती. त्यांचा तपास झाला नाही. हे सहाजण गोवले गेले, असे न्यायालयाने म्हटले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये देवविले. तोवर सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षे तो रकाना चालूच होता.

कोणी म्हणेल, हा प्रश्न विमुक्त जमातींपुरता आहे. तसे नव्हे. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. पैकी ४,३४,३०२ जणांचे खटले निकालात निघालेले नव्हते. ते सर्व कायद्याच्या दृष्टीने निरपराध, आणि तरी गजाआड. अशा मनुष्यास शेजारी, सोयरे आणि मालक निरपराध मानतात काय, हे ज्याचे त्याने मनास विचारावे.

येथे आम्ही ज्ञातिबांधवांस व भगिनींस एक गोष्ट नम्रपणे सुचवू इच्छितो. आपण एका जातीच्या नावाने एकत्र येतो. त्या नावामुळे आपल्या मुलास परगावी खोली मिळते, ओळख निघते, शब्दावर विश्वास ठेवला जातो. हा विश्वास त्याने स्वतः मिळविलेला नसतो. तो नावाने आलेला असतो. दुसऱ्या एखाद्या मुलास त्याच्या नावाने संशय मिळतो. तोही त्याने मिळविलेला नसतो. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी चूक एकच आहे, ती म्हणजे माणूस पाहण्यापूर्वी जात पाहणे. पहिलीचा लाभ आपण घेतो, म्हणून दुसरीविषयी बोलण्याचे दायित्व आपणांवर अधिक येते.

गावात चोरी झाली असता पालावरच्या माणसाचे नाव सर्वांत आधी कोणाच्या तोंडून निघते? निरपराधित्वाचे गृहीत न्यायालयात पोचण्यापूर्वी तेथेच जगते किंवा मरते. ते नाव आपल्या तोंडून पुराव्यावाचून निघणार नाही, एवढा निश्चय आपल्या प्रत्येक घराने केला, तरी या इतिहासाचे वाचन सार्थकी लागले, असे आम्ही समजू.