कवीच्या नावाची जागा

बेटेगावातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी काचेच्या कपाटात एक सीडी प्लेअर आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागल्यावर पहिल्या काही पगारांतून घेतलेला. आता त्याचा कप्पा उघडत नाही आणि बोईसरच्या बाजारात त्यांना दुरुस्त करणारा कोणी मिळाला नाही. गाणी मात्र घरात पूर्वीपेक्षा अधिक वाजतात; मुलाच्या मोबाइलवर. तेव्हा संगणकीय संगीताने तबकडीयंत्राची जागा घेतली काय, हा वाद आमच्यापुरता निकालात निघाला आहे. घेतली. प्रश्न उरतो तो या स्थलांतरात काय हरवले याचा.

मध्यंतरी त्या घरी गीतरामायण लागले होते. मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या त्या मुलाला आम्ही सहज विचारले, हे कोणाचे? मोबाइलच्या पडद्याकडे पाहून तो म्हणाला, 'सर, सुधीर फडक्यांचे.' उत्तर चूक म्हणता येईना. पण पडद्यावर गदिमा कुठेच नव्हते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ही ५६ गीते प्रथम प्रसारित झाली, तेव्हा गाणारे गळे अनेक होते. कवी आणि संगीतकार तेवढे तेच होते. पुढे फडके यांच्या एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रिकांचा संच निघाला, आणि मोबाइलला ठाऊक आहे तो हा आवाज.

तबकडी ही मराठी कवितेची एक प्रकाशनसंस्थाच होती, हे आपले वाङ्मयेतिहास फारसे सांगत नाहीत. मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३० च्या दशकाच्या प्रारंभी जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेतून घरोघर गेली. त्याच नावाचा संग्रह निघाला १९५४ साली. पुस्तकाच्या दोन दशके आधी कविता लोकांच्या ओठी होती. जुन्या तबकड्यांवर कवीचे नाव नेहमीच असे, असा आमचा दावा नाही. पण एल. पी. आली, तिच्या मोठ्या वेष्टनावर 'गीत' आणि 'संगीत' यांना मानाची ओळ मिळाली, आणि वेष्टन वाचत ऐकण्याची सवय एका पिढीला लागली. कॅसेटच्या घडीच्या कागदाने आणि १९८२ नंतर आलेल्या सीडीच्या पुस्तिकेने ती कशीबशी टिकवली.

एमपीथ्रीला वेष्टनच नाही. १९९६ साली तिच्या शेपटाला १२८ बाइटची एक चिठ्ठी जोडण्याची पद्धत निघाली. शीर्षक ३० अक्षरे, कलावंत ३०, अल्बम ३०, मग वर्ष, शेरा आणि प्रकार. कवीला रकाना नाही! १९९८ च्या सुधारित रूपात गीतकारासाठी स्वतंत्र खण केला गेला, परंतु गाणी उतरवून घेणाऱ्यांपैकी तो भरण्याची तसदी कितीजणांनी घेतली? आज काही अ‍ॅपवर दोनतीनदा बोट लावल्यावर श्रेयनामावली उघडते. ती उघडण्यासाठी आधी तसा प्रश्न पडावा लागतो.

नाव शेवटी जोडण्याची ही रीत नवी नव्हे. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा गौहरजान गाणे संपताच इंग्रजीतून आपले नाव सांगे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, तिथल्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून. तेव्हाही नाव उरले ते गाणाऱ्याचेच.

आमच्या संतांनी मात्र ही अडचण फार पूर्वीच ओळखली असावी, असे गमतीने वाटते. 'तुका म्हणे', 'एका जनार्दनी', 'नामा म्हणे' ही मुद्रा चरणातच गुंफलेली असल्याने ती कोणत्याही यंत्राला पुसता आलेली नाही. अभंग मोबाइलवर कोणीही गावो, कवी आपले नाव घेऊनच येतो. आधुनिक कवीने मुद्रा टाकली, ती छापील पानाच्या भरवशावर. भावगीतात हा भरवसा पानावरून वेष्टनावर गेला, आणि वेष्टन संपले.

त्या दिवशी स्नेह्यांनी कपाटातून गीतरामायणाच्या सीडीचे वेष्टन काढून मुलापुढे ठेवले. त्याने ते उलटसुलट करून वाचले, गदिमांच्या नावावर बोट ठेवले. आत सीडी नव्हती. ती त्या न उघडणाऱ्या कप्प्यात राहिली आहे.