मारणारा आणि मरणारा

पनवेलीहून रोह्याकडे जातांना आपटें मागें पडलें म्हणजे जिते स्थानक लागतें. तेथून पुढें पेण तालुक्यांतील भातखाचरें व त्यांमधील बांध दिसूं लागतात. अशा हातभर बांधांपायीं भावाभावांत किती वैर माजलें, याचा हिशेब कोणी ठेविलेला नाहीं. सबंध देशाचा ढोबळ हिशेब मात्र सरकार छापीत आलें आहे.

१९९२ सालीं देशांत खुनाचे चाळीस हजारांवर गुन्हे नोंदले गेले. २०२२ सालीं ते २८,५२२ झाले. मधल्या काळांत लोकसंख्या दीडपटीहून अधिक वाढली, हें लक्षांत घेतां ही घट लहान नव्हे. काळ बिघडला असें उठल्याबसल्या म्हणणाऱ्या आम्हां सुशिक्षितांनीं हे आंकडे एकदां पाहावे.

पण मारतो कोण? आमच्या कल्पनेंतला खुनी काळोखांतून येणारा परका दरोडेखोर असतो. २०२२ च्या गुन्ह्यांपैकीं ९,९६२ तंट्यांतून घडले, ३,७६१ वैयक्तिक वैरांतून. लाभासाठीं झालेले अवघे १,८८४. तंटा व वैर बहुधा ओळखीच्या माणसांतच जडतें. बळी पडलेल्यांत दहांपैकीं सुमारें सात पुरुष होते. म्हणून स्त्रिया निर्भय आहेत असें कोणी समजूं नये. हुंडाबळींची नोंद निराळ्या सदरांत होते, आणि त्याच वर्षीं ती सहा हजारांवर होती. तेथें तर मारणारा घरांतलाच.

याच पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं विनोबा भावे जन्मले. मे १९६० मध्यें चंबळच्या खोऱ्यांतील वीस बागी त्यांना शरण आले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु प्रस्तुत प्रश्नाशीं अधिक जवळचें कार्य त्यांनीं १९५१ सालीं तेलंगणांत पोचमपल्ली येथें आरंभिलें, असें आम्हांस वाटतें. जेथें जमिनीपायीं रक्त सांडलें होतें, तेथें त्यांनीं जमीनच मागितली. दानाची पुष्कळ जमीन पुढें भूमिहीनांपर्यंत पोंचली नाहीं, हें खरें. तरी रोगाचें निदान चुकलें नव्हतें.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं न्यायसंहिता आली. खुनाचें कलम ३०२ होतें, तें १०३ झालें. आंकडा कोणताही असो, कायदा दारीं येतो तो प्रेत पडल्यावर. बांधावरचा तंटा पहिल्याच दिवशीं मिटविणारा शेजारी मात्र त्याच्या आधीं येऊं शकतो.