उत्तराची कळ
एका लहानशा सोयीचा इतिहास

पत्र आलें कीं उत्तर धाडावें, हा सुशिक्षित घरांतील जुना शिरस्ता आहे. उत्तर न धाडणें हा नुसता आळस नव्हे, अविनय समजला जातो. परंतु उत्तर लिहिणें हें काम वाटतें तितकें सोपें कधींच नव्हतें. आलेलें पत्र शोधून काढावयाचें, धाडणाराचा ठावठिकाणा पाहावयाचा, त्याच्या योग्यतेस साजेसा मायना योजावयाचा, हें कोणत्या पत्राचें उत्तर तें त्यास कळेल असा निर्देश करावयाचा, आणि मग मजकुरास हात घालावयाचा. पेशवाईंत मोठ्यांच्या पदरीं यासाठीं चिटणीस असत. आलेल्या पत्रावर पैवस्तीची नोंद होई, जुनीं पत्रें दप्तरीं लागत, आणि धन्यानें उत्तराचा आशय सांगितला म्हणजे त्याचें काम संपे. सामान्य गृहस्थास मात्र हा सारा खटाटोप स्वतःच करावा लागे.

आज ज्याच्या हातांत फोन आहे त्या प्रत्येकाच्या पदरीं असा एक चिटणीस आहे. आलेल्या ई-मेलखालीं ‘उत्तर द्या’ अशी एक कळ असते. ती दाबली कीं पत्ता, विषय आणि मागील पत्राचा संबंध हें सारें आपोआप जुळतें. ही कळ इतकी अंगवळणी पडली आहे कीं ती कोणी तरी, केव्हां तरी, विचार करून घडविली असेल ही कल्पनाही आपल्या मनांत येत नाहीं. राजांच्या आणि लढायांच्या बखरी पुष्कळ झाल्या. अशा लहान सोयींची बखर कोणी फारशी लिहीत नाहीं. ती उणीव थोडी भरून काढावी, एवढाच आमचा येथें हेतु आहे.

अमेरिकेच्या संरक्षणखात्यांतील ‘आर्पा’ नांवाच्या संशोधनसंस्थेनें दूरदूरच्या विद्यापीठांतील संगणक एकमेकांस जोडण्याचें काम हातीं घेतलें आणि १९६९ च्या अखेरीस त्या जाळ्यांत चार ठिकाणें जोडलीं गेलीं. तारा जोडल्या, पण यंत्रांचीं मनें कोठें जुळलीं होतीं? एक यंत्र एका कंपनीचें, दुसरें दुसरीचें. एकाचा शब्द छत्तीस अंकचिन्हांचा, तर दुसऱ्याचा बत्तीसांचा; एक यंत्र ‘अ’ या अक्षरासाठीं जी खूण वापरी ती दुसऱ्यास निरर्थक वाटे. चार भाषांचे चार प्रवासी एका धर्मशाळेंत उतरावे, तशी ही स्थिति होती. त्यांच्यांत देवघेव घडवून आणण्याचे नियम ठरविणें हेंच पहिलें कार्य होतें. हे नियम ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे अभिप्राय मागविणारीं टिपणें, या विनयशील नांवाखालीं क्रमांकवार निघूं लागले.

या टिपणांपैकीं ११४ व्या क्रमांकाचें टिपण १९७१ च्या एप्रिलांतलें असून तें अभय भूषण या भारतीय तरुणाचें आहे. कानपूरच्या आय. आय. टी. च्या पहिल्या तुकडींतून बाहेर पडून ते मॅसॅच्युसेट्समधील एम. आय. टी. या संस्थेंत गेले होते. एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर कशी न्यावी याची सर्व यंत्रांस लागू पडेल अशी पद्धति त्यांनीं त्यांत मांडली. पद्धति उत्तम होती, पण ती जाणत्यासाठीं होती. परक्या यंत्राच्या दारांत जाऊन आपलें नांव सांगावें, परवलीचा शब्द द्यावा, मालाचा प्रकार सांगावा, आणि मग फाइल न्यावी किंवा ठेवावी. मालगाडीनें धान्याचीं पोतीं पाठविण्यास अशी व्यवस्था योग्यच. पण दोन ओळींची खुशाली कळविण्यासाठीं मालगाडीचा परवाना कोण काढील? ही अडचण ओळखून भूषण यांनीं १९७२ च्या ऑगस्टांत ३८५ व्या टिपणांत दोन नव्या आज्ञा सुचविल्या. त्यांपैकीं एकीचें नांव सरळ ‘मेल’ असें होतें. मजकूर लिहीत जावा, आणि संपला म्हणजे एका ओळीवर नुसता एक ठिपका द्यावा, कीं पत्र पूर्ण झालें. पत्र संपल्याची ही खूण टपालाच्या नियमांत आजतागायत टिकून आहे.

दरम्यान केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनींत रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं एका यंत्रावरून दुसऱ्यावर पत्र धाडून दाखविलें होतें. हीं दोन यंत्रें एकाच खोलींत शेजारीं शेजारीं होतीं, परंतु त्यांमधील दुवा मात्र त्या दूरवर पसरलेल्या जाळ्याचाच होता. हें काम त्यांस कोणी सांगितलेलें नव्हतें. माणसाचें नांव आणि यंत्राचें नांव यांमध्यें कांहीं तरी खूण हवी होती. जी कोणाच्याही नांवांत येत नाहीं आणि जिचा अर्थ ‘अमुक ठिकाणीं’ असा होतो, अशी ‘ॲट’ची खूण त्यांनीं टंकयंत्रावरून निवडली. निवड चतुर होती, तरी सर्वांस सुखाची नव्हती. ‘मल्टिक्स’ नांवाच्या पद्धतीवर चालणाऱ्या यंत्रांत हीच खूण लिहिलेली ओळ पुसून टाकण्यासाठीं योजिलेली होती. तेथील लोक पत्ता लिहूं लागले कीं लिहिलेला भाग पुसला जाई! एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय कशी होते याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

पत्रें धाडतां येऊं लागलीं, पण वाचावयाचीं कशीं? वाचण्याचा आरंभींचा प्रोग्रॅम सगळीं पत्रें एकापुढें एक अशीं भडाभडा ओतून दाखवी. हवें तें पत्र उचलावें, नको तें टाकावें, ही मुभा नव्हती. आर्पाचे प्रमुख स्टीफन ल्यूकासिक यांनीं आपल्या हाताखालील लॅरी रॉबर्ट्स यांच्याकडे या ढिगाऱ्याची तक्रार केली, आणि रॉबर्ट्स यांनीं १९७२ सालीं ‘आर. डी.’ नांवाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यांत प्रथमच पत्रांची यादी दिसूं लागली. निवडून वाचणें, जपून ठेवणें आणि काढून टाकणें साध्य झालें. इतरांनीं त्यांत भर घातली. १९७३ सालीं आर्पानें पाहणी करविली तेव्हां जाळ्यावरील तीन चतुर्थांश वाहतूक पत्रांचीच आहे असें दिसून आलें. जें जाळें यंत्रांच्या शक्तीची वांटणी व्हावी म्हणून विणलें, त्यावर माणसें एकमेकांशीं बोलूं लागलीं होतीं.

तरीही उत्तर देणाराचे कष्ट तसेच होते. पत्र वाचून झालें कीं दुसरा प्रोग्रॅम उघडून पत्ता पुन्हां अक्षर अक्षर लिहावा लागे. एक अक्षर चुकलें कीं उत्तर वाटेंतच अडे. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील ‘इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट’ या संस्थेंतील जॉन व्हिटल यांनीं ‘एम. एस. जी.’ हा प्रोग्रॅम तयार केला आणि त्यांत ‘आन्सर’, म्हणजे ‘उत्तर’, ही आज्ञा घातली. आलेल्या पत्रावरून पत्ता काढून घेणें हें काम आतां यंत्राचें झालें. आलेलें पत्र दुसऱ्याकडे जसेंच्या तसें पाठविण्याची सोयही त्यांत होती. पत्र मिळणें आणि उत्तर जाणें यांतील अंतर नाहींसें झालें, आणि पत्रव्यवहारास संभाषणाचें रूप आलें.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. आलेलें पत्र कोणाचें हें यंत्रास कळलें तरच ही आज्ञा चालणार. माणूस पत्राच्या शेवटची सही पाहून ओळखील, हस्ताक्षरावरून ओळखील. यंत्रास ही समज नाहीं. म्हणून धाडणाराचें नांव, दिनांक आणि विषय हीं ठरलेल्या जागीं, ठरलेल्या शब्दांत असलीं पाहिजेत. थोडक्यांत, सर्वांनीं एकच मायना पाळला पाहिजे. हा करार १९७३ च्या सप्टेंबरांतील ५६१ व्या टिपणानें आधींच सुचविला होता, आणि त्याच्या चार लेखकांत भूषण आणि टॉमलिन्सन हे दोघेही होते. त्यांनीं तीन ओळींचा मायना, नंतर एक रिकामी ओळ आणि मग मजकूर, अशी साधी रचना केली. उत्तराची कळ जी दिसते ती इमारतीच्या दारासारखी. तिचा पाया म्हणजे ही न दिसणारी शिस्त.

या शिस्तीवरून वादही पुष्कळ झाले. १९७५ सालीं सुरू झालेल्या ‘मेसेज ग्रूप’ या मंडळांत पत्रांचे नियम कसे असावे याची चर्चा पत्रांनींच चाले. मायना किती मोठा असावा, त्यांत काय यावें, वाचणारास त्यांतील किती दाखवावें, यांवर आवेशानें लिहिलें जाई. १९७७ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या ७३३ व्या टिपणांत या मंथनाचें फळ दिसतें. व्हिटल हेही त्याचे एक लेखक होते. ‘उत्तर या पत्त्यावर धाडावें’ आणि ‘हें अमक्या पत्राचें उत्तर आहे’ असें सांगणाऱ्या ओळी त्यांत आहेत. आमच्या पूर्वजांच्या मायन्यांत जें होतें, तेंच थोडें फिरून येथें आलें.

परंतु सोयीची किंमत कोणी तरी देतोच. धाडणाराच्या नांवाची ओळ कोणीही हवी तशी लिहूं शके. ती खरी कीं खोटी हें तपासण्याची तरतूद या करारांत नव्हती. जाळ्यावरचे लोक थोडे व एकमेकांस परिचित होते, तोंवर हें खपलें. १९७८ च्या मे महिन्यांत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्रेत्यानें आपल्या नव्या संगणकांची जाहिरात शेंकडों अनोळखी लोकांस एकदम धाडली, आणि घरांत बिनबोलावला पाहुणा शिरावा तसा सर्वांस संताप आला. ती जाहिरात निदान खऱ्या नांवानें होती; पुढें खोट्या नांवाचीं पत्रें आलीं, बँकेचें नांव घेऊन गृहस्थांस लुबाडणारीं पत्रें आलीं. पत्र खरोखर त्याच ठिकाणाहून निघालें कीं नाहीं हें पडताळण्याचे नियम पुढें २००६ आणि २००७ सालीं टिपणांच्या रूपानें निघाले. मोर्तब लावण्याचें काम जवळजवळ तीस वर्षें मागें राहिलें होतें.

दुसरी किंमत आपण दिली. तो मायना केवळ रोमन लिपींत लिहिण्याजोगा होता. मराठी माणसाचें नांव देवनागरींत त्या ओळींत बसेना. १९९२ च्या जूनमध्यें इतर लिप्यांस मजकुरांत व मायन्यांत जागा देणारे नियम निघाले. पत्ताच इतर लिप्यांत लिहितां यावा यासाठींचे नियम निघण्यास २०१२ साल उजाडलें. ‘सर्वांस सोपें’ असें म्हणतांना त्या ‘सर्वां’त कोण बसले होते, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत नाहीं. ज्यांनीं पहिले नियम केले त्यांनीं दुष्टाव्यानें आपणांस वगळलें असें नाहीं. जे समोर होते त्यांचे कष्ट त्यांस दिसले, जे दूर होते त्यांचे दिसले नाहींत, इतकेंच.

आपल्या देशांत १९८६ सालीं ‘अर्नेट’ ही शैक्षणिक जाळ्याची योजना सुरू झाली. तींत मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था सहभागी होती. पुढें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें. तोंवर उत्तराची कळ वीस वर्षांची झाली होती, आणि आपल्या हातीं ती तयार आली. तयार आल्यामुळें तिच्यामागील श्रम आपणांस दिसले नाहींत, हें स्वाभाविकच आहे.

या लहानशा इतिहासावरून आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे. सोय म्हणजे कष्टांचा नाश नव्हे. ती कष्टांची बदली आहे. वाचणाराच्या माथ्यावरचा भार लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरानें आपल्या माथ्यावर घेतला, म्हणून वाचणाराचें काम हलकें झालें. घरांत वेळेवर चहा येतो तो आपोआप येत नाहीं. कोणी तरी पहाटे उठलेलें असतें. यंत्रांचेंही तसेंच आहे. तेव्हां एखादी नवी सोय आपल्यापुढें आली असतां दोन प्रश्न विचारावे: हा भार कोणी उचलला, आणि कोणाचा भार उचलावयाचा राहून गेला? पहिल्या प्रश्नानें कृतज्ञता येते, आणि दुसऱ्यानें न्यायबुद्धि जागी राहते. या दोन्ही गोष्टी ज्या समाजांत आहेत, त्यास यंत्रांचें भय बाळगण्याचें कारण नाहीं, असें आम्हांस वाटतें.