मेईजी जपानमधील परदेशी नोकरदार : करार, वास्तव्य आणि ज्ञानाचे हस्तांतरण

प्रस्तावना :
एका देशातील तज्ज्ञ व कारागीर यांना वेतन देऊन दुसऱ्या देशात आणणे, त्यांच्या प्रवासाची व निवासाची व्यवस्था करणे आणि ठरावीक मुदतीनंतर त्यांना परत पाठविणे, ही प्रथा जागतिकीकरणाच्या काळातच सुरू झाली असा सर्वसाधारण समज आढळतो. तथापि, या प्रथेचा एक अत्यंत पद्धतशीर प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये झाला. १८६८ मध्ये मेईजी सम्राटाच्या नावाने सत्तांतर झाले. त्याच वर्षीच्या पाच कलमी प्रतिज्ञापत्रात साऱ्या जगातून ज्ञान मिळविण्याचे धोरण जाहीर झाले. त्यानुसार जे परदेशी तज्ज्ञ नेमले गेले त्यांना ‘ओयातोई गाइकोकुजिन’ असे म्हटले जाई. ‘याતोई’ म्हणजे भाडोत्री नोकर, त्याआधीचा ‘ओ’ हा आदरार्थी उपसर्ग आणि ‘गाइकोकुजिन’ म्हणजे परदेशी माणूस. सन्मान आणि चाकरी या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात सामावलेल्या आहेत, हे लक्षणीय होय.

उद्दिष्टे :
१) परदेशी नोकरदारांची निवड, वेतन व वास्तव्य यांचे स्वरूप समजून घेणे.
२) त्यांच्याकडील ज्ञान जपानी हाती कसे आले, याची चिकित्सा करणे.
३) समकालीन भारतातील स्थितीशी त्याची तुलना करणे.
प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

निवड आणि वेतन :
जपानने कोणत्याही एका राष्ट्रावर विसंबून राहण्याचे टाळले. रेल्वे, दीपगृहे व अभियांत्रिकी यांसाठी प्रामुख्याने ब्रिटिश, वैद्यकासाठी जर्मन, कायद्यासाठी फ्रेंच, तर होक्काइदो बेटाच्या शेतीविकासासाठी अमेरिकन तज्ज्ञ बोलाविण्यात आले. १८७५ च्या सुमारास सरकारी सेवेतील परदेशी व्यक्तींची संख्या पाचशेच्या आसपास होती व त्यांत ब्रिटिशांचे प्रमाण सर्वाधिक होते. दीपगृहांसाठी नेमलेल्या रिचर्ड हेन्री ब्रंटन यांची निवड एडिंबरो येथील स्टीव्हन्सन बंधूंच्या कार्यालयामार्फत झाली. ते मूळचे रेल्वे अभियंते असल्याने दीपगृहांचे प्रशिक्षण त्यांना निघण्यापूर्वी द्यावे लागले. १८६८ ते १८७६ या काळात त्यांनी सव्वीस दीपगृहे उभारली.

वेतनाच्या बाबतीत सरकारने हात आखडता घेतला नाही. ओसाका टांकसाळीचे प्रमुख थॉमस विल्यम किंडर यांना दरमहा १,०४५ येन मिळत. शासनाचे सर्वोच्च पदाधिकारी सांजो सानेतोमी यांचे मासिक वेतन ८०० येन होते. तोमिओका येथील रेशीम गिरणीचे फ्रेंच संचालक पॉल ब्रुना यांना ६०० येन, म्हणजे मंत्री इवाकुरा तोमोमी यांच्याइतकेच वेतन होते. देशाच्या प्रमुखापेक्षा टांकसाळीच्या व्यवस्थापकाला अधिक वेतन देणाऱ्या शासनाला हा भार फार काळ पेलणारा नव्हता. त्यामुळे करार मुदतीचे ठेवणे आणि मुदत संपण्यापूर्वी जपानी माणूस तयार करणे, हे आर्थिकदृष्ट्याही अपरिहार्य ठरले.

वास्तव्य आणि अडचणी :
परदेशी नागरिकांच्या वास्तव्यावर असमान तहांची छाया होती. त्यांना सामान्यतः योकोहामासारख्या ठरावीक वसाहतींतच राहता येई व अंतर्भागात जाण्यासाठी परवाना लागे. याउलट, त्यांच्यावर जपानी न्यायालयांचा अधिकार चालत नसे. त्यामुळे मालक जपान सरकार, परंतु नोकरावरील खटला त्याच्या देशाच्या वकिलातीसमोर, अशी विसंगत स्थिती होती. ती १८९९ मध्ये संपुष्टात आली. १८६२ च्या नामामुगी घटनेत एका ब्रिटिश व्यापाऱ्याची सामुराईंनी हत्या केली होती. त्यामुळे आरंभीच्या वर्षांत सुरक्षिततेची चिंताही होतीच.

परकेपणाची भावना दोन्ही बाजूंनी होती. तोमिओका गिरणी १८७२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तेथे काम शिकण्यासाठी मुली मिळेनात. फ्रेंच लोक मद्य पीत, ते लाल मद्य म्हणजे रक्त असल्याची अफवा पसरली होती. स्थलांतरितांनाही मोठी किंमत मोजावी लागली. रेल्वेचे पहिले मुख्य अभियंता एडमंड मोरेल १८७० मध्ये आले. लोखंडी स्लीपरऐवजी देशी लाकूड वापरावे, सार्वजनिक बांधकामांसाठी स्वतंत्र मंत्रालय असावे व जपानी तरुणांना प्रशिक्षण द्यावे, असे त्यांनी सुचविले. परंतु नोव्हेंबर १८७१ मध्ये वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले व पाठोपाठ त्यांची पत्नीही वारली. शिंबाशी-योकोहामा हा पहिला लोहमार्ग ऑक्टोबर १८७२ मध्ये खुला झाला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

ज्ञानाचे हस्तांतरण :
या प्रयोगाचे खरे यश उभारलेल्या वास्तूंपेक्षा घडविलेल्या माणसांत आहे. हेन्री डायर हे ग्लासगोचे पदवीधर १८७३ मध्ये, वयाची पंचविशी पूर्ण होण्यापूर्वीच, तोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले. दोन वर्षे मूलभूत विषय, दोन वर्षे तांत्रिक विषय आणि दोन वर्षे प्रत्यक्ष काम असा सहा वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी राबविला. येथील पदवीधर तानाबे साकुरो यांनी बिवा सरोवराच्या कालव्याचे काम परदेशी अभियंत्याविना १८९० मध्ये पूर्ण केले. त्यापूर्वी, १८८० मध्ये, क्योतोजवळील ओसाकायामा बोगदा इनोउए मासारु यांच्या देखरेखीखाली जपानी अभियंत्यांनीच खोदला होता. वास्तुशास्त्रात जोसाया कॉन्डर यांची जागा १८८४ मध्ये त्यांचेच विद्यार्थी तात्सुनो किंगो यांनी घेतली. १९१४ चे तोकियो स्थानक ही याच तात्सुनो यांची निर्मिती होय.

परदेशी तज्ज्ञ सल्लागार होते, शासक नव्हते, हेही येथे नोंदविले पाहिजे. फ्रेंच विधिज्ञ गुस्ताव्ह बोआसोनाद यांच्या परिश्रमातून तयार झालेली नागरी संहिता १८९० मध्ये जाहीर झाली. परंतु तीव्र वादानंतर तिची अंमलबजावणी लांबणीवर टाकण्यात आली व जपानी विधिज्ञांनी नवी संहिता रचली. अंतिम निर्णय यजमानांच्या हाती होता.

अर्थात, हे चित्र सर्वस्वी उज्ज्वल नव्हते. जर्मन वैद्य एर्विन बेल्झ १८७६ मध्ये आले व १९०५ पर्यंत जपानमध्ये राहिले. १९०१ मधील गौरवसमारंभात त्यांनी स्पष्टपणे सांगितले, की विज्ञान हे हवे तेथे नेऊन चालू करता येणारे यंत्र नसून विशिष्ट वातावरणात वाढणारी सजीव गोष्ट आहे. जपान्यांनी मात्र तिच्या फळांवरच समाधान मानले. जे कायमचे तेथलेच झाले त्यांचा अनुभवही संमिश्र होता. लेखक लॅफकॅडिओ हर्न यांनी १८९६ मध्ये जपानी नागरिकत्व स्वीकारले, तरी १९०३ मध्ये त्यांना तोकियो विद्यापीठातील अध्यापन सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेल्यांत लंडनहून शिकून परतलेले नात्सुमे सोसेकी होते. परदेशी गुरू जाणार व स्वदेशी शिष्य येणार, या नियमाला नागरिकत्वही अपवाद ठरू शकले नाही.

भारतीय अनुभवाशी तुलना :
मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये, म्हणजे जपानच्या एकोणीस वर्षे आधी सुरू झाला. परंतु येथे आलेला ब्रिटिश अभियंता भारतीयांचा नोकर नव्हता. तो राज्यकर्त्यांचा प्रतिनिधी होता. त्याची नेमणूक, वेतन व निवृत्तिवेतन यांवर भारतीयांचे नियंत्रण नव्हते. पुण्यात १८५४ मध्ये निघालेल्या अभियांत्रिकी शाळेचा आरंभीचा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम दर्जाचे कर्मचारी तयार करणे एवढाच होता. डायर यांच्या महाविद्यालयाने मात्र वरिष्ठ जागा घेणारी पिढी घडविली. दादाभाई नौरोजी यांनी १८८० मधील आपल्या टिपणात भारताच्या ‘नैतिक दारिद्र्या’ची मीमांसा केली. युरोपीय अधिकारी मायदेशी परतताना केवळ पैसाच नव्हे, तर येथे मिळविलेला अनुभव व शहाणपणही घेऊन जातात, हा त्यांचा आक्षेप होता. जपानमधूनही परदेशी माणूस परतलाच. पण जाताना अनुभव मागे ठेवून गेला.

निष्कर्ष :
१) परदेशी तज्ज्ञांचे स्थलांतर हे स्वयंमेव लाभदायक वा हानिकारक नसते, करार कोणाच्या अटींवर होतो, यावर त्याचा परिणाम ठरतो.
२) अधिक वेतन, मर्यादित मुदत आणि समांतर शिक्षणसंस्था या तीन बाबींच्या मेळातून जपानने परावलंबन अल्पजीवी ठेवले.
३) तंत्र लवकर आत्मसात करता येते, त्यामागील वैज्ञानिक वृत्ती रुजण्यास अधिक काळ लागतो, हा बेल्झ यांचा इशारा दुर्लक्षिता येत नाही.
४) ज्या समाजाला परक्याकडून शिकावयाचे आहे, त्याने परक्याला बोलाविण्यापूर्वीच आपला विद्यार्थी निश्चित केला पाहिजे. उच्च शिक्षणात परदेशी सहकार्याची चर्चा करताना अध्यापकवर्गाने हा ऐतिहासिक अनुभव विचारात घेणे उचित ठरेल.