सावड

सावड : शेतकऱ्यांनी मजुरी न घेता एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याची, बैल, औत व माणसे एकत्र करून कामे उरकण्याची रूढी. परभणी जिल्ह्यासह मराठवाड्यात आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतही ती आढळते. ‘इर्जिक’ हा तिच्या जवळचा प्रकार. इर्जिकीत अनेकजण एके दिवशी एकाच्या शेतात उतरतात व तो त्यांना जेवू घालतो. सावडीत मात्र घेतलेला दिवस दिवसानेच फेडावा लागतो.

कारणे : गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन भारी. खोल नांगरटीला चार, सहा, कधी आठ बैल जुंपावे लागत. एवढी जनावरे थोड्याच घरी असत. एकच बैल असलेले दोघे सावड करत, तेव्हा कुठे त्यांचे एक औत होई. दुसरे कारण वाफशाचे, म्हणजे पेरणीजोग्या ओलीचे. काळी माती ओली असताना औताला चिकटते, वाळली की ढेकळे धरते. पेरणी साधते ती मधल्या मोजक्या दिवसांत.

व्यवहार : सावड तोंडी ठरते. माणसाच्या दिवसाला माणसाचा दिवस, औताला औत. बैल नसलेला अंगमेहनतीचे दिवस देऊन औत फेडतो. किती दिवस, हे गावची रीत सांगते. पेच पडतो तो पहिली पाळी कोणाची, यावर. बरड, हलके रान काळ्या रानाच्या आधी वाफशावर येते, त्यामुळे बहुधा क्रम जमीनच लावून देते आणि कोणाच्या मनात अढी राहत नाही. मधेच पाऊस लागून पाळी चुकली, तर थांबलेल्याचे नुकसान होते; सावडीची खरी परीक्षा तेव्हा असते. कामाची पारखही आपोआप होते. तिफणीच्या चाड्यावर दुसऱ्याच्या रानात मूठ ढिली पडली, तर आठवड्याभरात विरळ-दाट उगवण सगळ्या शिवाराला दिसते. असल्या माणसाला पुढच्या हंगामात सावडकरी मिळणे अवघड.

मर्यादा : स्वतःचे रान आणि फेडण्याजोगे काही जवळ असेल त्यालाच सावड करता येते. त्यामुळे भूमिहीन मजूर बहुधा तिच्याबाहेर राहिले आणि जातीची उतरंडही तिने मोडली नाही.

सद्यःस्थिती : ट्रॅक्टर आला, बैलजोड्या घटल्या, सोयाबीनची कापणी उक्ती दिली जाऊ लागली. ट्रॅक्टरचे भाडे चुकते केले की देणेघेणे संपते. सावडीत ते पुढच्या पाळीपर्यंत चालू राही आणि तोवर दोन्ही घरांना एकमेकांशी तोडून चालत नसे. दुसरीकडे, पानी फाउंडेशन या संस्थेच्या ‘सत्यमेव जयते फार्मर कप’ स्पर्धेने (२०२२ पासून) गटाने, म्हणजे पुन्हा एकत्र येऊन, शेती करण्यावर भर दिला आहे. खुरपणीसाठी तर बाया अजूनही सावड करतात : आज हिच्या रानात, उद्या तिच्या.