व्यवसाय आराखडा : आकडे वाडीतले हवेत

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच्या उद्योजकता स्पर्धा आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात १९८४ मध्ये ‘मूट कॉर्प’ सुरू झाली. पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांच्या ‘ई-सेल’ने १९९८ मध्ये ‘युरेका’ सुरू केली. अशा स्पर्धेसाठी व्यवसाय आराखडा (बिझनेस प्लॅन) तयार करताना विद्यार्थी कल्पनेवर पानेच्या पाने खर्च करतात आणि हिशेब मात्र शेवटच्या रात्री उरकतात. परीक्षकांचा पहिला प्रश्न नेमका त्या हिशेबावर येतो.

एक उदाहरण घेऊ. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गिरीजच्या एखाद्या विद्यार्थ्याने सुकेळ्यांचा व्यवसाय मांडायचे ठरवले. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही वसईची जुनी ओळख. कल्पना उत्तम, परंतु ‘मुंबईतील एक टक्का लोकांनी घेतली तरी’ असे वाक्य आराखड्यात आले की परीक्षक मनातल्या मनात हसतात. त्याऐवजी दहा दुकानदारांना प्रत्यक्ष भेटून, महिन्याला किती पाकिटे खपतील आणि ते किती कमिशन घेतील, हे लिहून आणावे. एवढे एक पान बाकीच्या बाजारवर्णनाला भारी पडते.

खरा घोळ वजनात होतो. १०० किलो केळ्यांतील सुमारे एक तृतीयांश वजन सालीचे असते. उरलेल्या ६५ किलो गरात तीन चतुर्थांश पाणी धरले, तर घन भाग सोळा किलोच्या आसपास भरतो. वाळल्यावर वीस टक्के ओलावा राहील असे मानले, तर हाती साधारण २० किलो सुकेळी पडतात. म्हणजे एका किलोमागे पाच किलो केळी. केळ्यांचा भाव किलोला ४० रुपये गृहीत धरल्यास कच्चा मालच २०० रुपयांचा झाला. विक्रीची किंमत ४०० ठेवली आणि दुकानदाराने २५ टक्के घेतले, तर हाती ३०० येतात. उरलेल्या शंभरातून मजुरी, वेष्टन, वाहतूक आणि खराब निघालेला माल यांसाठी ६० रुपये वजा केले की ४० रुपये राहतात. वर्षाचा स्थिर खर्च ६० हजार असल्यास तो भरून निघायलाच १,५०० किलो सुकेळी विकावी लागतील. त्यासाठी साडेसात टन केळी लागतील. तेवढी घरच्या वाडीतून मिळणार की आगाऊ पैसे मोजून बाहेरून आणावी लागणार?

हे सर्व भाव केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. आपले आकडे आपणच काढायचे. दहा किलो केळी वाळवून, आधी व नंतर तागडीवर तोलून पाहावे. वडिलांच्या बचतीतून भांडवल उभे राहणार असेल, तर चुकलेल्या आकड्याची किंमत बक्षीस हुकण्यापुरती राहत नाही.

नफा-तोटा पत्रकाबरोबरच महिनावार रोख प्रवाह मांडावा. पावसाळ्यात उन्हातले वाळवण बंद, म्हणजे उत्पादनही बंद. खर्च मात्र चालूच. दुकानदार उधारीवर माल घेणार असतील, तर खेळत्या भांडवलाची गरज आणखी वाढते. वाळवणयंत्र घेऊन यातून सुटका होईल, पण मग विजेचा आणि कर्जाचा हप्ता हिशेबात येतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार लागणारी नोंदणी, वेष्टनावरील मजकूर आणि टिकण्याची मुदत यांचा खर्चही विसरू नये.

संघाची ओळख करून देताना पदव्यांपेक्षा कामाची वाटणी महत्त्वाची. वाळवणाचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि याच काळात महाविद्यालयीन परीक्षाही येतात. तेव्हा वाळवणावर कोण उभे राहणार? घरातील मंडळी काम करणार असतील, तर त्यांची मजुरी शून्य धरू नये. ही चूक फार आढळते, आणि त्यामुळे नसलेला नफा कागदावर दिसू लागतो.

सारांशाचे एक पान आराखड्यात सर्वांत आधी येते, पण ते लिहावे सर्वांत शेवटी. त्यात ग्राहक कोण, तो आज काय विकत घेतो, किलोमागे किती सुटते, किती पैसे हवेत आणि ते कशावर खर्च होणार, एवढे असले की पुरे. सादरीकरणाला जाताना तागडीवरच्या नोंदींची वही आणि दुकानदारांच्या भेटींचे टिपण सोबत ठेवावे. परीक्षकांनी विचारले, तर ते पान उघडून दाखवता येते.