मध्यरात्रीचे सोनेगाव : चार विमाने, चार छोटी उड्डाणे

१/ देवळी हे वर्ध्याच्या नैर्ऋत्येस, यवतमाळच्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. येथून नागपूरचे सोनेगाव विमानतळ सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरवर आहे. १९४९ पासून दोन दशकांहून अधिक काळ त्या विमानतळावर मध्यरात्रीच्या सुमारास चार दिशांनी चार विमाने उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि आल्या वाटेने परत जात. त्या विलक्षण उड्डाणांची ही हकिगत.

२/ भारतात हवाई टपालाचा जन्मच मुळी एका इवल्याशा उड्डाणातून झाला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे ६,५०० पत्रे नेली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. ते उड्डाण प्रदर्शनातील एक नवल होते. त्याने कोणाचे पत्र लवकर पोचले, असे म्हणता येणार नाही.

३/ नियमित सेवेसाठी आणखी एकवीस वर्षे जावी लागली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ या लहानशा विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट ते बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. हे सारे दिवसाउजेडी. सूर्य मावळला की विमान आणि टपाल दोन्ही मुक्कामाला.

४/ व्यापाराची आणि कचेऱ्यांची पत्रे मात्र संध्याकाळी पेटीत पडतात. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमनच्या हाती द्यायची, तर प्रवास रात्रीच व्हायला हवा. स्वातंत्र्यानंतरचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांनी नेमका हाच आग्रह धरला.

५/ महायुद्ध संपल्यावर डकोटा विमाने भारतात मुबलक उपलब्ध झाली होती. त्यांचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दिल्ली ते मद्रास हे अंतर सतराशे किलोमीटरांहून अधिक. एकाच विमानाने ते कापायचे, तर अख्खी रात्र खर्ची पडणार आणि सकाळी विमान व वैमानिक दोघेही घरापासून दूर अडकणार.

६/ उत्तर नकाशातच दडलेले होते. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५०, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८० किलोमीटर. म्हणजे प्रत्येक शहर डकोटाच्या अडीच ते साडेतीन तासांच्या टप्प्यात. दोन लांब मार्गांचे चार छोटे तुकडे केले की प्रत्येक विमान मध्यावर येऊन त्याच रात्री घरी परतू शकत होते.

७/ हा चौक विमानांनी प्रथम शोधला असे नव्हे. मुंबई–हावडा आणि दिल्ली–मद्रास हे दोन महत्त्वाचे लोहमार्ग वर्धा–नागपूर पट्ट्यातच एकत्र येतात. आगगाडीने जी गाठ जमिनीवर मारली होती, तीच आता आकाशात मारली गेली. मुंबई–नागपूर सरळ हवाई रेषाही वर्धा जिल्ह्यावरूनच जाते.

८/ जानेवारी १९४९ च्या अखेरीस ही सेवा सुरू झाली. मुंबईच्या विमानात दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या तिन्ही ठिकाणच्या थैल्या असत. सोनेगावला त्या उतरत, वेगळ्या होत आणि ज्या त्या विमानात चढत. प्रवासीही असत. तेही अपरात्री येथेच विमान बदलून पुढे जात.

९/ त्याच वर्षी १ एप्रिलपासून टपालखात्याने आणखी एक पाऊल टाकले. विमानाने पत्र लवकर पोचत असेल, तर ते जादा आकार न घेता विमानानेच न्यायचे. तोवर हवाई टपालासाठी वेगळे पैसे मोजावे लागत. आता साध्या तिकिटाचे पत्रही उडू लागले. ही योजना ‘ऑल-अप’ या नावाने ओळखली जाते.

१०/ याचा अर्थ देवळीसारख्या गावापुरता पाहू. समजा, येथल्या कापसाच्या व्यापाऱ्याने कलकत्त्याला पत्र धाडले. ते वर्ध्याहून रेल्वेने संध्याकाळपर्यंत नागपुरात पोचले, तर पुढचा रात्र-दिवसाचा आगगाडीचा प्रवास काही तासांवर येत होता. विमान ज्याने कधी जवळून पाहिले नाही, त्याच्याही पत्राला विमानात जागा होती.

११/ सगळ्यांनाच हे रुचले नव्हते. रात्रीच्या उड्डाणांसाठी विमानतळांवर पुरेशा सोयी नसताना घाई करू नये, असे टाटांचे मत होते आणि त्यावरून किडवई व टाटा यांच्यात तीव्र मतभेद झाले. आक्षेप घेणारा माणूस स्वतः हवाई टपालाचा आद्य वैमानिक होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१२/ सेवेचा आरंभ इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने केला. त्याच वर्षी पुढे ती हिमालयन एव्हिएशनकडे आली. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशातील खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि रात्रीचे टपाल इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनची जबाबदारी बनले.

१३/ त्यानंतर चारच महिन्यांनी, १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री, सोनेगावहून मद्रासला निघालेले डकोटा उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले. १३ जण मृत्युमुखी पडले. वैमानिक तेवढा वाचला. मृतांमध्ये कामगार चळवळीतील नेते व खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. पत्राचे काही तास वाचवण्यासाठी माणसे कोणती जोखीम पत्करत होती, ते त्या रात्री साऱ्या देशाला कळले.

१४/ सेवा थांबली नाही. पुढे डकोटांची जागा मोठ्या स्कायमास्टर विमानांनी आणि नंतर व्हायकाउंटनी घेतली. नागपूर १९५६ मध्ये मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर राहिले नाही, १९६० मध्ये महाराष्ट्रात सामील झाले, पण मध्यरात्रीचा हा चौक जागाच राहिला.

१५/ त्याचा शेवट अपघाताने नव्हे, वेगाने केला. जेट विमाने दिल्ली–मुंबई अंतर सुमारे दोन तासांत कापू लागली. मग वाटेत थांबून थैल्या बदलण्याचे प्रयोजन उरले नाही. सत्तरच्या दशकात ही सेवा बंद झाली.

१६/ योगायोग असा की, १७ एप्रिल १९७३ रोजी अमेरिकेतील मेम्फिस येथून फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने काम सुरू केले. रात्री सर्व विमाने एका मध्यवर्ती ठिकाणी आणायची, पार्सले बदलायची, पहाटे परत पाठवायची. जगभरच्या व्यवसायशिक्षणात ही पद्धत अभ्यासली जाते. सोनेगावात याच तत्त्वावर चोवीस वर्षे आधी काम सुरू झाले होते.

१७/ विमानाच्या इतिहासात सर्वांत लांब, सर्वांत उंच, सर्वांत वेगवान उड्डाणांची नोंद आवर्जून होते. नागपूरच्या या चार उड्डाणांपैकी एकही लांब नव्हते, आणि त्यांचे सामर्थ्य त्यातच होते. प्रत्येक विमान अर्ध्या वाटेवर थांबले, म्हणून पत्र पूर्ण वाट चालून गेले.